पाचातून एक गेला, तरी दाभोसा!

फुप्फुसाला कप्पे असतात, हे मला २८व्या वर्षी कळलं. उजवीकडे तीन, डावीकडे दोन. त्यातला उजवीकडचा खालचा कप्पा सर्जननी गेल्या नोव्हेंबरात काढून टाकला. (ब्राँकिएक्टॅसिस. कॅन्सर नव्हे. सगळे विचारतातच, म्हणून आधीच सांगितलं.) उरलेले कप्पे हळूहळू फुगून रिकामी जागा बऱ्यापैकी भरतात, असं डॉक्टर म्हणाले होते. यातल्या 'हळूहळू'चा अर्थ घरी बाथरूमपर्यंत चालताना समजला.

पहिला महिना माझा बॉयफ्रेंड म्हणजे स्पायरोमीटर! तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं खेळणं. यात फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा, की चेंडू वर. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, दुखणं कमी होतं. आणि सगळ्यात कामाचा फंडा: नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्या, ओठांचा चंबू करून चार मोजत सोडा. घाईघाईत आत घेतलेल्या श्वासापेक्षा निवांत बाहेर सोडलेला श्वास जास्त साथ देतो, हे मीटिंगमध्ये दम लागला की फार पटतं.

आईने मला कुमार गंधर्वांची सीडी आणून दिली. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद होतं. स्ट्रेप्टोमायसिनने ते बरे झाले आणि पुन्हा गायले, छोट्या छोट्या, झपकन येणाऱ्या तानांनी. पोप फ्रान्सिस यांच्या उजव्या फुप्फुसाचा भाग १९५७ मध्ये काढला होता, ते २०२५ मध्ये ८८व्या वर्षी गेले. मला तर फक्त वीकएण्डला जायचं होतं!

जुलैत ग्रुपने जव्हारजवळचा दाभोसा ठरवला. लेंडी नदीचा सुमारे ३०० फुटांचा धबधबा, खाली जायला पायऱ्या. अशा पायऱ्यांची गोम ही की उतरताना फुप्फुस गप्प बसतं, बिल चढताना येतं. त्यामुळे किती उतरायचं ते वरच ठरवावं लागतं. मी ४० पायऱ्या ठरवल्या. 'अगं, अजून थोडं,' असा आग्रह झालाच. नाही म्हटलं.

वर येताना पाऊल उचलताना श्वास सोडायचा, दर पाच पायऱ्यांना थांबायचं. थांबल्यावर पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकायचे, म्हणजे श्वासाला जागा मिळते. डोक्यावर मोळी घेतलेल्या एक मावशी मला आरामात ओलांडून गेल्या. 'बस घडीभर, बाय,' म्हणाल्या. बसले.

अचानक दम, छातीत कळ, ताप, पोटरीला सूज किंवा खोकल्यातून रक्त असेल, तर मात्र चंबू-बिंबू विसरा आणि थेट हॉस्पिटल गाठा. म्हणूनच निघण्याआधी मी जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय मॅपवर शोधून ठेवलं होतं. तासाभराने ग्रुप वर आला. सगळे घामाघूम, बोलायची कुणाचीच सोय नव्हती. टपरीवरचा पहिला चहा मीच मागवला.