‘स्लाव्यांकेचा निरोप’ आणि त्याचा कर्ता: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

रशियातील अनेक रेल्वेस्थानकांवर लांब पल्ल्याची गाडी फलाट सोडू लागली, की ध्वनिक्षेपकावरून एक लष्करी मार्च वाजू लागतो. पलटणींच्या संचलनात, भरती झालेल्या तरुणांना निरोप देताना आणि विजयदिनाच्या समारंभातही तोच मार्च ऐकू येतो. त्याचे नाव ‘स्लाव्यांकेचा निरोप’, म्हणजे स्लाव स्त्रीने दिलेला निरोप. ही चाल ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य त्या देशात विरळा. परंतु ती ज्याने रचली त्या वासिली इवानोविच अगापकिन या बँडमास्तराचे चरित्र मात्र फार थोड्यांना माहीत आहे. कृती सर्वतोमुखी आणि कर्ता अज्ञात, अशी स्थिती उत्पन्न झाली म्हणजे मधली पोकळी दंतकथा भरून काढतात. अगापकिनच्या बाबतीत नेमके हेच घडले. या दंतकथा परस्परांशी कितीही विसंगत असल्या, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: रेजिमेंटच्या बँडमध्ये वर्षानुवर्षे राबून, शिकून आणि शिकवून एका मनुष्याने जे कसब संपादन केले, त्याचे श्रेय त्या दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकतात. या लेखाचे प्रयोजन ते श्रेय मूळ धन्याकडे परत पोचते करावे एवढेच आहे.

पहिला समज अगदी साधा असून त्याचे निरसनही तितकेच सोपे आहे. पीटर्सबर्गजवळ स्लाव्यांका नावाची एक नदी आहे, तिच्या तीरावरील एखाद्या प्रसंगावरून मार्चला हे नाव पडले असावे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः 1912 साली क्रिमियातील सिम्फेरोपोल येथे या मार्चची जी पहिली छापील स्वरलिपी निघाली, तिच्या मुखपृष्ठावर योद्ध्याला निरोप देणारी एक तरुणी आणि मागे बाल्कन पर्वतांची रांग असे चित्र असून, बाल्कनमधील घडामोडींवरचा हा नवा मार्च सर्व स्लाव स्त्रियांना अर्पण केला आहे, असा मजकूर तिच्यावर छापलेला होता. नदीचा संबंध येथेच संपतो.

याच मुखपृष्ठाने दुसऱ्या एका समजाचाही निकाल लागतो. कोणी हा मार्च रशिया-जपान युद्धातला मानतात, कोणी पहिल्या महायुद्धातला. आणि चित्रपटांतून तो ज्यांच्या कानी पडला, त्यांतले बरेच जण तो हिटलरविरुद्धच्या युद्धासाठीच रचला गेला असे समजून चालतात. 1912 च्या ऑक्टोबरात बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो या चार राज्यांनी तुर्की सल्तनतीविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा रशियाचे सैन्य त्या युद्धात उतरलेच नव्हते. परंतु स्लाव बांधवांविषयीच्या सहानुभूतीची एक प्रचंड लाट रशियन समाजात उसळली होती, आणि तांबोव येथे छावणी असलेल्या एका राखीव घोडदळ रेजिमेंटच्या तुतारीवाल्याने तिला स्वररूप दिले. म्हणजे ज्या मार्चने पुढे लक्षावधी रशियन सैनिकांना आगगाडीत बसवून रणांगणाकडे रवाना केले, तो मुळात दुसऱ्यांच्या युद्धाला उद्देशून लिहिलेला होता. दोन वर्षांनी महायुद्ध पेटले, तेव्हा ते दुःख घरोघरी आले आणि मार्चही घरोघरी गेला. 1915 साली कीवमधील ‘एक्स्ट्राफोन’ कंपनीने त्याची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हापासून त्याच्या प्रसाराला सीमाच उरली नाही.

आता ज्या समजाचा विचार अधिक विस्ताराने करणे प्राप्त आहे, त्याकडे वळू. हा मार्च अगापकिनचा नव्हेच, तो सिम्फेरोपोल येथील 51 व्या लिथुआनियन पायदळ रेजिमेंटचे बँडमास्तर याकोव बोगोराद यांचा आहे, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. त्याच्या पाठीशी पुराव्यापेक्षा एक अविश्वासच अधिक असतो: रियाझान प्रांतातल्या खेड्यात जन्मलेला, पोरका, भीक मागून वाढलेला मुलगा असली रचना कशी करू शकेल? हा प्रश्न विचारणाऱ्यांना त्या काळच्या रशियन लष्करी बँडची व्यवस्था ठाऊक नसते, म्हणूनच तो त्यांना पडतो.

अगापकिनचा जन्म नव्या कालगणनेप्रमाणे 3 फेब्रुवारी 1884 रोजी शांचेरोव्हो या गावी झाला. (जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे तीच तारीख 22 जानेवारी येते, चरित्रांतून दोन तारखा आढळतात त्याचे कारण एवढेच.) आई तान्हेपणीच गेली, वडील पोटामागे व्होल्गाकाठच्या आस्त्राखान शहरी आले आणि मुलगा आठ वर्षांचा असताना तेही वारले. सावत्र आईच्या घरी दारिद्र्य इतके, की या मुलावर रस्त्यावर हात पसरण्याची वेळ आली. रस्त्याने जाणाऱ्या एका लष्करी बँडमागे तो चालत गेला आणि बँडमास्तराच्या ध्यानात त्याच्या कानाची तयारी आली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो 308 व्या त्सारेव्ह राखीव पलटणीच्या बँडमध्ये शिकाऊ म्हणून दाखल झाला, हे मात्र निश्चित. रशियन पलटणींत अशा अनाथ मुलांना ठेवून घेण्याचा शिरस्ता जुनाच होता. मुलाला अन्न, वस्त्र, निवारा मिळे आणि त्याच्या मोबदल्यात त्याने वाद्य शिकावे, स्वरलिपी उतरून काढावी, थोरांच्या हाताखाली राबावे, अशी ती तजवीज होती. शिस्त कठोर असे. पण ज्याच्या ठिकाणी गुण आहे त्याला याहून उत्तम संगीतशाळा त्या स्थितीत मिळणे अशक्य होते. चौदाव्या वर्षी अगापकिन कॉर्नेट या वाद्यावर एकल वादन करणारा पलटणीतला अग्रगण्य वादक होता.

1906 साली सक्तीच्या भरतीने तो तिफ्लिसच्या बाजूला 16 व्या त्वेर ड्रगून रेजिमेंटमध्ये गेला. ती मुदत संपताच तो तांबोवला आला आणि 1910 च्या आरंभी तेथल्या 7 व्या राखीव घोडदळ रेजिमेंटमध्ये वरिष्ठ तुतारीवादकाच्या हुद्द्यावर रुजू झाला. एवढ्यावरही त्याने समाधान मानले नाही. पत्नी, संसार आणि नोकरी सांभाळून 1911 च्या शरदऋतूत त्याने तांबोवच्या संगीत विद्यालयात नाव घातले आणि पितळी वाद्यांच्या वर्गात रीतसर अध्ययन आरंभिले. तेव्हा मार्च रचला गेला त्या वेळी त्याच्यामागे जवळजवळ अठरा वर्षांची बँडमधील चाकरी होती. मार्चच्या प्रारंभीच्या स्वरांचे बीथोव्हेनच्या ‘एग्मोंट’ या रचनेशी साम्य दिसते म्हणून कित्येकांनी चौर्याचा संशय घेतला आहे. परंतु बालपणापासून बँडमध्ये वाढलेल्या वादकाच्या कानात अभिजात संगीताचे अवशेष असावेत यात नवल ते काय? त्या संगीताची रूपांतरे वाजविणे हा बँडच्या नित्यक्रमाचाच भाग होता.

मग बोगोरादांचा संबंध कोणता? तो होता, आणि गौरवास्पद होता. अगापकिन आपली रचना घेऊन सिम्फेरोपोलला गेला, तेव्हा या अनुभवी बँडमास्तराने पियानोसाठी स्वरलिपी सिद्ध करण्यात आणि ती छापून प्रसिद्ध करण्यात त्याला साहाय्य केले. बोगोराद हे स्वतः मार्चसंगीताचे जाणकार आणि प्रकाशक होते. परंतु पहिल्या छापील प्रतीवर कर्ता म्हणून नाव आहे ते अगापकिनचे. जो मनुष्य स्वतःच्या खटपटीने दुसऱ्याचे नाव छापून आणतो, त्याच्याच नावे ती कृती नंतर जमा करणे, हा दोघांवरही अन्याय होय. यहुदी असलेल्या बोगोरादांना 1941 साली सिम्फेरोपोल जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ठार मारण्यात आले. त्यांचे स्मरण जरूर करावे, पण ते त्यांनी खरोखर जे केले त्याबद्दल.

यादवी युद्धाच्या काळातील एक समज असा, की हा मार्च ‘श्वेत’ सैन्याचा होता आणि म्हणून त्याचा कर्ताही बोल्शेविकांचा विरोधक असला पाहिजे. ‘श्वेत’ सेनापती कोल्चाकच्या सायबेरियातील फौजेत या चालीवर शब्द बसवून गीते गायिली गेली, हे खरे आहे. पण चाल कोणाच्या मालकीची राहत नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या रानावनांत लढणाऱ्या गनिमी सैनिकांनी तिच्यावरच आपले विलो वृक्षांचे गीत गायिले, याची साक्ष येथे पुरेशी आहे. अगापकिन स्वतः 1918 साली स्वेच्छेने लाल सेनेत शिरला आणि एका हुसार रेजिमेंटचा बँड त्याने उभारला. 1920 मध्ये तांबोवला परतल्यावर त्याची कारकीर्द गुप्त पोलीस खात्याच्या सैन्याशी जोडली गेली, ती अखेरपर्यंत. 1922 मध्ये तो बँडसह मॉस्कोला आला, आणि 1924 च्या जानेवारीत लेनिनच्या अंत्ययात्रेत त्याच्या बँडने वादन केले. ज्या खात्याच्या हातून असंख्य निरपराधांचा घात झाला, त्याच खात्याच्या गणवेशात हा संगीतकार आयुष्यभर राहिला, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनी झाकून ठेवू नये. त्याचप्रमाणे, बँडमास्तराच्या छडीला न्यायाधीशाची लेखणी समजून त्याच्यावर आरोपपत्रही ठेवू नये.

सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत भव्य दंतकथा 7 नोव्हेंबर 1941 ची. जर्मन सैन्य मॉस्कोच्या सीमेवर येऊन ठेपले असता लाल चौकात संचलन झाले. तेथे अगापकिनने आपलाच मार्च वाजविला आणि त्याच्या तालावर सैनिक थेट रणांगणाकडे निघून गेले, असे ती सांगते. यातील पहिला भाग इतिहास आहे. त्याच गुप्त पोलीस खात्याच्या सैन्यातील डझेर्झिन्स्की डिव्हिजनचा वरिष्ठ बँडमास्तर म्हणून संयुक्त बँडचे नेतृत्व त्या दिवशी अगापकिनकडेच होते. तयारी गुप्तपणे करावी लागली. हवाई हल्ल्याच्या भयाने संचलनाची वेळ नेहमीच्या दहाऐवजी सकाळी आठ ठेवण्यात आली होती. बर्फ पडत होते, थंडीने वाद्यांच्या कळा आखडत होत्या, आणि इतका वेळ एकाच जागी उभे राहिल्यामुळे बँडमास्तराचे बूट चौथऱ्याला गोठून चिकटले, ते सोडवून त्याला आधार देऊन खाली उतरवावे लागले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. कित्येक सैनिक तेथूनच आघाडीवर गेले, हेही खरे.

परंतु ‘स्लाव्यांकेचा निरोप’ त्या सकाळी वाजला, ही गोष्ट अनेक अभ्यासक आज ग्राह्य धरीत नाहीत, आणि त्या दिवसाच्या चित्रफितीचा दाखला तर मुळीच देता येत नाही. वेळ ऐन वेळी अलीकडे आणल्यामुळे ध्वनिमुद्रणाची मंडळी वेळेवर पोचली नव्हती. स्तालिनचे भाषण नंतर क्रेमलिनमधल्या एका दालनात पुन्हा चित्रित करून फितीत जोडण्यात आले, आणि म्हणूनच गोठविणाऱ्या थंडीतही वक्त्याच्या तोंडून वाफ निघताना दिसत नाही. ज्या फितीतले भाषणच मागाहून बसविलेले, तिच्यातल्या संगीतावर इतबार कोणी आणि कसा ठेवावा? जनमानसात हा मार्च आणि हे युद्ध यांची जी अतूट गाठ पडली, तिच्या मुळाशी मिखाइल कलातोझोव यांचा 1957 सालचा ‘उडती क्रौंचमाला’ हा चित्रपट आहे. स्वयंसेवकांना निरोप देण्याच्या त्यातील प्रसंगात हा मार्च वाजतो. पुढच्याच वर्षी त्या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान लाभला, आणि पडद्यावर ऐकलेले संगीत लोकांनी लाल चौकात ऐकल्याप्रमाणे स्मरणात ठेवले. माझ्या मते दंतकथा वगळल्याने त्या सकाळची थोरवी यत्किंचितही उणी होत नाही. शत्रू दाराशी असताना, बोटे बधिर झालेल्या वादकांकडून अखंड ताल राखून घेणे, हे ज्याने साधले त्याच्या कर्तृत्वाला आणखी अलंकाराची गरज नाही.

राहता राहिला तो एकाच रचनेचा धनी असल्याचा समज. अगापकिनने ‘जादूचे स्वप्न’, ‘निळी रात्र’, ‘संगीतकाराचे प्रेम’, ‘पोरकी’ असे वॉल्ट्झही रचले, आणि मॉस्कोच्या एर्मिताझ उद्यानात त्याचा बँड ऐकायला सामान्य नागरिक जमत असत. ‘मांचुरियाच्या टेकड्यांवर’ हा सुविख्यात वॉल्ट्झ मात्र त्याचा नव्हे. तो रशिया-जपान युद्धातील मुकदेनच्या लढाईत मोक्शान रेजिमेंटचा बँड घेऊन उतरलेल्या इल्या शात्रोव यांचा. दोघेही बँडमास्तर आणि दोघांचाही तांबोवशी निकटचा संबंध, त्यामुळे नावांची सरमिसळ होते. त्या शहराने आता दोघांचे एकत्र स्मारक उभारले असून, तांबोव प्रांताच्या अधिकृत गीताला चाल अगापकिनच्या मार्चची घेतली आहे.

1945 च्या जूनमधील विजयसंचलनात सेम्योन चेर्नेत्स्की यांच्या आधिपत्याखाली सुमारे 1,400 वादकांचा जो महाबँड उभा राहिला, त्यातही अगापकिन होता. कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढून तो निवृत्त झाला आणि 29 ऑक्टोबर 1964 रोजी मॉस्कोत निधन पावला. या सर्व सन्मानांच्या नोंदी चरित्रकोशांत सापडतात. पण माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची नोंद 1928 सालची आहे. यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनी रस्त्यावर फेकलेल्या बेवारस मुलांचा एक बँड त्या वर्षी त्याने मॉस्कोत उभारला, त्यांना वाद्ये आणि स्वरलिपी शिकविली, आणि त्यांतली कित्येक मुले पुढे संगीतावरच आपला चरितार्थ चालविणारे वादक झाली.