टंच काढता येतो, समाधानाचं काय?

हुपरीला चांदीची नगरी म्हणतात. तिथं चांदीच्या बाबतीत ‘साधारण’ हा शब्द चालत नाही. वजन काट्यावर होतं, टंच काढला जातो. दहा आणि वीस ग्रॅममधलं अंतर वीस आणि तीसमधल्या अंतराएवढंच असतं. पण घरी बसून पैंजणाला घुंगरू लावणाऱ्या बाईंना ‘मजुरीवर समाधानी आहात का?’ असं विचारलं, तर? उत्तरं पाच : अजिबात नाही, फारसं नाही, बरं आहे, समाधानी, अगदी समाधानी. पाहणीत यांना एक ते पाच आकडे देतात, आणि आकडे दिसले की आम्हा संख्याशास्त्रवाल्यांना बेरजेची खोड! खरं तर हे शर्यतीतले नंबर आहेत. पुढं कोण ते कळतं, किती पुढं ते नाही.

समजा, एकीनं मजुरीला एक आणि घरबसल्या कामाच्या सोयीला पाच दिले. दुसरीनं दोन्हीला तीन. दोघींची बेरीज सहा. बेरजेवरून गट पाडले तर दोघी एकत्र, आणि पहिलीची मजुरीची तक्रार कागदावरून गायब!

इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवरचा ग्रंथ १९५१ साली निघाला. तशा मापांसाठी महालनोबिस यांनी १९३६ मध्येच समूहांतलं अंतर काढण्याची रीत मांडली होती. तिथं पट्टी खरी होती. मतांना पट्टी नसते.

म्हणून दुसरी वाट धरावी लागते. लोकांमध्ये काही अदृश्य गट आहेत असं धरायचं. प्रत्येक गटातला माणूस प्रत्येक प्रश्नाला कोणतं उत्तर देण्याची किती शक्यता आहे, हे संगणक पुन्हा पुन्हा जुळवून पाहतो. इथं एक-पाचवाली बाई आणि तीन-तीनवाली बाई वेगळ्या पडू शकतात.

गट कोणत्याही रीतीनं पाडा, मी एक चाचणी करतो. एक, दोन, तीन, चार, पाचऐवजी एक, दोन, तीन, सहा, दहा असे आकडे देतो. क्रम तोच. तरीही गट बदलले, तर ते माणसांचे नव्हते, माझ्या आकड्यांचे होते.

एक गोष्ट मात्र या चाचणीत सापडत नाही. सगळीकडे ‘बरं आहे’ म्हणणाऱ्यांचा गट हटकून निघतो. ते खरंच बरं आहे, की विचारताना काम देणाऱ्याचा माणूस शेजारी बसला होता? त्यासाठी संगणक बंद करून पुन्हा त्या घरी जावं लागतं, बाई एकट्या असताना.