कोकणच्या हवेत टिकणारा कॅरम बोर्ड

घरातल्या करमणुकीसाठी घेतलेली वस्तू कोणत्या हवेत राहणार आहे, हा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच केला जातो. रत्नागिरीत मात्र तो सर्वांत आधी करावा लागतो, कारण येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात जांभ्याच्या भिंती ओल धरतात, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते आणि लाकडी दरवाजे फुगून चौकटीत अडकू लागतात. जी ओल दरवाजात शिरते, तीच पडवीत किंवा माजघरात ठेवलेल्या कॅरम बोर्डातही शिरते. फरक इतकाच की फुगलेल्या दरवाजाला सुतार रंधा मारून देतो, बोर्डाचा पृष्ठभाग एकदा वाकला की तो पूर्ववत सपाट करण्याचा घरगुती उपाय नाही.

शहरांतील घरांत अलीकडे इलेक्ट्रॉनिक डार्टबोर्डही दिसू लागला आहे. त्याची रचना समजून घेतली तर दोन खेळांतील फरक स्पष्ट होतो. या बोर्डाचे प्लॅस्टिकचे तुकडे बारीक छिद्रांनी भरलेले असतात, बोथट प्लॅस्टिकच्या टोकाचा बाण त्या छिद्रात रुतला की तुकडा किंचित मागे दाबला जातो, त्यामागील दोन पातळ पडद्यांवरच्या विद्युतवाहक रेषा एकमेकींना टेकतात आणि कोणत्या आडव्या व कोणत्या उभ्या रेषेचा संपर्क झाला यावरून आतील यंत्रणा गुण मोजते. गुणांची बेरीज-वजाबाकी खेळाडूला करावी लागत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. परंतु फेकण्याची रेषा बोर्डापासून २.४४ मीटरवर आणि बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर असावा लागतो, म्हणजे घराची एक भिंत आणि तिच्यासमोरची मोकळी जागा कायमची राखून ठेवावी लागते. शिवाय समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत विद्युत जोडण्यांना गंज लवकर चढतो आणि पावसाळ्यात वीज जाणे हा कोकणात नित्याचा अनुभव आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. विजेवाचून, चौघांना एकत्र बसवून आणि जागा अडवून न ठेवता खेळता येणारा खेळ म्हणून येथील घरांत कॅरमला जे स्थान आहे, ते या परिस्थितीतून आले आहे आणि ते रास्तच आहे.

गौरी-गणपतीला मुंबईहून चाकरमानी गावी आले की रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कॅरमच्या डावांपुरताच हा खेळ रत्नागिरीत मर्यादित नाही. रियाझ अकबरअली आणि आकांक्षा कदम यांच्यासारख्या खेळाडूंमुळे राज्य पातळीवरील स्पर्धांत रत्नागिरीचे नाव वारंवार झळकत आले आहे. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ साली चेन्नईत झाली, १९९१ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मारिया इरुदयम विजेते ठरले आणि २०१६ साली बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत मुंबईच्या प्रशांत मोरे यांनी विजेतेपद मिळवले. ज्या खेळाला अशी स्पर्धात्मक परंपरा आहे, त्याचा घरातला बोर्ड खेळण्यासारखा, म्हणजे लहान आणि हलका घ्यावा हा समज मुलांच्या दृष्टीने नुकसानीचा आहे. कॅरममध्ये बोटांना अंतराची सवय होते. किती जोराने टिचकी मारली म्हणजे सोंगटी कडेला आपटून परत कुठवर येईल, हे गणित डोक्यात नव्हे, बोटाच्या पेरात मुरते. लहान बोर्डावर मुरलेले गणित प्रमाण बोर्डावर चुकते, आणि चार-पाच वर्षांच्या सवयीनंतर ते विसरायला लावणे हे नव्याने शिकवण्यापेक्षा कठीण असते.

प्रमाण बोर्डाची मापे नियमांत निश्चित केलेली आहेत. खेळण्याचा पृष्ठभाग चौरस असून त्याची प्रत्येक बाजू ७३.५ ते ७४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २९ इंच असते. भोवतालच्या लाकडी चौकटीची, जिला खेळाडू फ्रेम म्हणतात, रुंदी ६.३५ ते ७.६० सेंटिमीटर आणि पृष्ठभागापासूनची उंची १.९० ते २.५४ सेंटिमीटर असते. चार कोपऱ्यांतील पॉकेटांचा व्यास ४.४५ सेंटिमीटर असतो. दुकानात सर्वाधिक गोंधळ होतो तो यातील पहिल्या मापाबाबत. विक्रेता ‘बत्तीस इंची बोर्ड’ म्हणतो तेव्हा ते माप बहुधा बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचे असते. दोन्ही बाजूंची तीन-तीन इंचांची फ्रेम त्यातून वजा केली की आत उरतात केवळ २६ इंच. आत २९ इंच हवे असतील तर तशाच फ्रेमचा बोर्ड बाहेरून ३५ इंच भरला पाहिजे. म्हणून मापाची फीत नेहमी फ्रेमच्या आतल्या कडेला लावावी. त्याचप्रमाणे चार-चार इंच रुंद फ्रेमचा ‘जंबो’ बोर्ड भारदस्त दिसत असला तरी त्याची फ्रेम नियमापेक्षा रुंद असते, आणि ती रुंदी लहान मुलाच्या हाताला ओलांडावी लागत असल्याने त्याचा फटका खांद्यातून ताणून जातो. जड बोर्ड तो चांगला बोर्ड, ही समजूत अर्धीच खरी आहे. वजन फ्रेमचे आहे की प्लायवूडचे, हे पाहिल्याशिवाय तिला अर्थ नाही.

खरा बोर्ड म्हणजे त्याचे प्लायवूड. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, प्रत्येक थराचे तंतू आधीच्या थराच्या तंतूंना काटकोनात ठेवून हे फळकूट तयार केले जाते, आणि या काटकोनी रचनेमागे लाकडाचा एक मूलभूत स्वभाव आहे. लाकूड हवेतली ओल शोषून फुगते, पण ते सर्व दिशांनी सारखे फुगत नाही: तंतूंच्या लांबीच्या दिशेने ही वाढ नगण्य असते, तर आडव्या दिशेने ती शेकडा काही टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एका थराला जिथे फुगायचे असते तिथे शेजारच्या थराचे लांब तंतू त्याला धरून ठेवतात, आणि थरांची संख्या विषम ठेवली म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना ताण सारखा राहून फळकूट सपाट राहते. नियमानुसार प्लायवूडची जाडी किमान ८ मिलिमीटर हवी. स्वस्त बोर्डांत ती ४ मिलिमीटरपर्यंत घसरलेली असते, आणि एवढे पातळ फळकूट कोकणातला एक पावसाळाही सरळपणे काढू शकत नाही. थरांमधला गोंदही तितकाच महत्त्वाचा आहे. साध्या प्लायवूडचा गोंद ओलीला काही प्रमाणातच तोंड देतो, तर आयएस ७१० या भारतीय मानकानुसार बनणारे, सुतारांच्या तोंडी ‘मरीन प्लाय’ म्हणून असलेले फळकूट दीर्घकाळ ओलाव्यातही सुटत नाही. बोर्ड सुताराकडून बनवून घेणाऱ्यांनी ही चौकशी आवर्जून करावी.

परंतु चांगले प्लायवूडही एका ठरावीक कारणाने वाकते, आणि ते कारण बहुतेक बोर्ड उलटा करून पाहिला की डोळ्यांना दिसते. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत रहावा म्हणून त्यावर लॅकरचे थरावर थर दिलेले असतात, तर खालची बाजू कोरडी, खरखरीत आणि उघडी असते, कारण ती कोणी पाहत नाही. आषाढातली हवा वरून आत शिरू शकत नाही, खालून मात्र सहज शिरते; खालचे थर फुगतात, वरचे तसेच राहतात, आणि फळकूट मध्यभागी खाली झुकते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की हीच क्रिया उलटी होते. अशा बोर्डावर खेळणाऱ्या मुलाची हळू जाणारी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन किंचित वळते आणि कडेला टेकून थांबते. त्याला वाटते आपला नेम चुकला, म्हणून ते नेम बदलते, आणि न चुकलेला नेम बदलण्याची सवय त्याला लागते. वाकलेल्या बोर्डाची ही सर्वांत मोठी हानी आहे, कारण ती दिसत नाही आणि तिचा दोष बोर्डाला नव्हे, मुलाला दिला जातो.

दुकानातच करण्याजोग्या परीक्षा साध्या आहेत. बोर्ड आडवा ठेवून डोळा त्याच्या पातळीवर न्यावा आणि समोरच्या फ्रेमकडे पाहावे. दिव्याचे प्रतिबिंब लॅकरवर सरळ पट्टीसारखे दिसले तर पृष्ठभाग सपाट आहे, ते तुटले किंवा पसरले तर तिथे खळगा अथवा उंचवटा आहे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला की मध्यभागातला फरक अधिक नेमका कळतो. त्यानंतर बोटाच्या सांध्याने पृष्ठभागावर जागोजागी टकटक करावी: घट्ट चिकटलेले प्लायवूड सर्वत्र एकाच सुरात वाजते, जिथे थर सुटला असेल तिथे आवाज पोकळ येतो. स्पर्धेच्या बोर्डासाठी असलेली कसोटी अशी की १५ ग्रॅम वजनाचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला असता त्याने समोरासमोरच्या दोन फ्रेमांमधले अंतर किमान साडेतीन वेळा कापले पाहिजे. ही कसोटी उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांनी घ्यावी, कारण एका दिशेने चपळ असलेला बोर्ड दुसऱ्या दिशेने मंद निघणे, हे फ्रेमच्या चारही पट्ट्या एका प्रतीच्या लाकडाच्या नसल्याचे लक्षण असते. फ्रेमचे लाकूड टणक हवे. मऊ लाकूड आपटलेल्या सोंगटीचा वेग गिळून टाकते. कोपऱ्यांतील सांध्यांवर नख फिरवले असता ते कुठे अडकू नये.

बोर्डाखाली आडव्या-उभ्या आधारपट्ट्या आहेत का, हेही उलटून पाहावे. प्लायवूड कितीही चांगले असले तरी ७४ सेंटिमीटरचा विस्तार केवळ कडांच्या आधारावर वर्षानुवर्षे सपाट राहत नाही.

सोंगट्यांचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, जाडी ७ ते ९ मिलिमीटर आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम असावे लागते. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी अशा एकोणीस सोंगट्यांपैकी एखादी हरवली की घरांत दुसऱ्या संचातली घातली जाते, आणि तिच्या वेगळ्या वजनामुळे फुटीच्या वेळी सगळा घोळका एका बाजूला झुकतो. शक्य असल्यास दोन संच एकदमच घेऊन ठेवावेत. स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर आणि वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम असते. लहान मुलाच्या बोटाला याहून हलका स्ट्रायकर अधिक मानवतो, आणि तो मुलाने स्वतःच्या बोटाने मारून निवडणे उत्तम.

पावडर बोरिक आम्लाची वापरतात. या पदार्थाचे स्फटिक कागदाच्या तावांसारख्या पातळ थरांचे असतात आणि ते थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून चिमूटभर पावडर पसरली की सोंगटी जणू लाकडावरून नव्हे, त्या थरांवरून सरकते. अंगाला लावायची सुगंधी पावडर तिच्याजागी वापरली तर ती पृष्ठभागावर चिकट पुटे धरते. डब्याचे झाकण घट्ट हवे, अन्यथा पावसाळ्यात गुठळ्या होतात आणि त्या बोर्डावर चिरडल्या गेल्या की लॅकरवर ओरखडे उठतात. हीच बोरिक पावडर घराघरांत झुरळांसाठी पिठाच्या गोळ्यांत मिसळली जाते, ही गोष्ट पालकांनी विसरू नये: खेळून झाल्यावर जेवण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुतले गेलेच पाहिजेत, आणि रांगते मूल घरात असेल तर डबा उंच फळीवर ठेवला पाहिजे.

स्पर्धेत बोर्ड ६३ ते ७० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर ठेवतात. घरी चटईवर बसून खेळताना बोर्डाखाली पालथी बादली किंवा डबा ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यामुळे सगळा भार मध्यभागी एका वर्तुळावर येतो आणि कोपऱ्यांवर कोणी हात टेकला की फळकूट तिथून पिळवटते. चार कोपऱ्यांखाली सारख्या उंचीचे चार पाट ठेवणे कितीतरी हिताचे. दिवा बरोबर मध्यावर टांगलेला असावा, म्हणजे कोणत्याही एका खेळाडूच्या हाताची सावली पॉकेटवर पडत नाही.

खेळ संपल्यावर बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवण्याची सवय रत्नागिरीच्या घरांना सर्वांत महाग पडते, कारण तिरक्या फळकुटावर स्वतःचा भार सतत एका बाजूने राहतो आणि जांभ्याची भिंत त्याला पाठीमागून ओल पुरवते. बोर्ड पलंगाखाली किंवा माळ्यावर आडवाच ठेवावा, पृष्ठभागावर सुती चादर घालावी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण आत अडकलेली दमट हवा बाहेर जाऊ शकत नाही. आणि खालची उघडी बाजू बंद करायची असेल तर ते काम पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, पौष-माघात करावे, जेव्हा किनाऱ्यावरची हवा वर्षातली सर्वांत कोरडी असते: बोर्ड आठवडाभर घरात आडवा ठेवून सुकू द्यावा, खालच्या बाजूला बारीक काचकागद फिरवून धूळ कोरड्या फडक्याने पुसावी, आणि फर्निचरसाठी वापरतात त्या लॅकरचे दोन पातळ हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, आधारपट्ट्यांच्या सांध्यांतही पोहोचतील अशा बेताने द्यावेत.