भुशीचा सुतार ओळखायचा तर आधी मान बघा

आजच्या भागाला निमित्त झालं एका फोटोचं. आपला एक श्रोता भुशीला निघाला होता, वाटेत वडगाव मावळला चहाला थांबला आणि समोरच्या बाभळीवर त्याला एक छोटा काळा-पांढरा सुतार दिसला. फोटो ॲपमध्ये टाकला, उत्तर आलं 'हेअरी वुडपेकर'. त्याने मला विचारलं, "ताई, हा खरंच तोच आहे का?"

नाही रे बाबा. हेअरी वुडपेकर राहतो अलास्कापासून पनामापर्यंत. आपल्याकडे तो नाहीच. फोटोसोबत ठिकाण दिलं नाही, तर बिचाऱ्या ॲपला वडगाव काय आणि वॉशिंग्टन काय, सारखंच. म्हणून आधी ठिकाण आणि तारीख भरायची, मग उत्तर बघायचं.

फोटोतला पक्षी होता मराठा सुतार. हो, नावच तसं आहे! १८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने त्याला शास्त्रीय नाव देताना 'मराठ्यांच्या मुलुखातला' असा अर्थ त्यात घातला. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. पक्षी साळुंकीपेक्षा थोडा लहान. पाठीवर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर, पोटावर लालसर डाग. नर असेल तर डोक्याच्या मागच्या बाजूला लाल रंग. त्याला कोरडं, मोकळं रान आवडतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात साधारण सातशे. त्यामुळे मावळात पूर्वेकडे उतरत गेलात की हा भेटण्याची शक्यता वाढते.

भुशीकडे वर चढलात की मंडळी बदलतात. आयएनएस शिवाजीकडे जाणाऱ्या रस्त्याला जुनी आंब्या-जांभळाची झाडं आहेत, तिथे सोनपाठी सुतार बघा. पाठ सोनेरी, तुरा लाल. ओरडला की वाटतं कुणीतरी खिदळत लांब गेलं. उडतानाही सरळ जात नाही, वर-खाली हेलकावे घेत जातो.

आता खरी मेख. अमेरिकेत हेअरी आणि डाउनी हे दोन सुतार इतके सारखे दिसतात की लोक चोच मोजतात. हेअरीची चोच जवळपास डोक्याइतकी लांब, डाउनीची त्याच्या निम्मी. आपल्याकडे असाच घोळ सोनपाठी आणि पांढऱ्या मानेचा सुतार यांच्यात होतो. दोघेही सोनेरी, दोघांनाही तुरा. पण मागून बघा. सोनपाठीची मान मागून काळी असते. दुसऱ्याची मान पांढरी, आणि तो पांढरा रंग थेट पाठीवर उतरलेला. मादी असेल तर आणखी सोपं. पांढऱ्या मानेच्या मादीचं डोकं पिवळं असतं. सोनपाठीच्या मादीचा तुरा लालच, फक्त कपाळाकडचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके.

आणि तो अंगणात टुकटुक चालत माती उकरणारा, पंख्यासारखा तुरा उघडणारा? गावोगाव त्यालाच सुतार म्हणतात, पण तो हुदहुद. खरा सुतार खोडाला उभा चिकटतो. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि शेपटीची कडक पिसं खोडाला टेकू म्हणून लावलेली.

(इथे एपिसोडमध्ये खोडावरची टकटक ऐकवली आहे.)

ऐकलंत? सलग, वेगात वाजणारा ताशा म्हणजे "ही जागा माझी" अशी दवंडी. थांबत थांबत येणारी टकटक म्हणजे जेवण चाललंय. सालीखालच्या अळ्या, मुंग्या, वाळवी तो लांब जिभेने ओढून काढतो. ही जीभ ज्या हाडांवर बसते ती कवटीच्या मागून वळसा घालून पुढे येतात.

"सुताराच्या कवटीत हेल्मेट असतं" हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. २०२२ मध्ये अँटवर्प विद्यापीठातल्या सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हाय-स्पीड व्हिडिओतून हे तपासलं, आणि निघालं उलटंच. कवटी हातोड्यासारखी कडक असते, धक्का शोषून घेत नाही. विचार करा ना, हातोड्याला स्पंज लावला तर खिळा कसा ठोकणार? मेंदू वाचतो कारण तो मुळात फार लहान आहे.

सगळ्यात अजब मला तांबूस रंगाचा सुतार वाटतो. झाडावर मुंग्यांचं जे काळपट, फुटबॉलसारखं घर असतं ना, त्यात तो भोक पाडतो आणि आतच अंडी घालतो. ज्या मुंग्या खायच्या त्यांच्याच घरात बाळंतपण!

बाकीच्यांना मात्र लाकूड लागतं, आणि इथे मला जरा गंभीर बोलायचंय. ढोली कोरायला त्यांना वठलेलं झाड किंवा कुजत आलेली फांदी बरी पडते, लाकूड मऊ असतं. सोनपाठी साधारण तीन अंडी घालतो, अकराएक दिवसांत पिल्लं, मग वीसेक दिवसांत ढोली रिकामी. त्या रिकाम्या ढोलीवर पोपट, साळुंकी, पिंगळे टपलेलेच असतात, कारण त्यांना स्वतःला कोरता येत नाही.

भुशीच्या आसपास बंगल्यांचे प्लॉट पडतात तेव्हा आधी कुऱ्हाड पडते ती वठलेल्या झाडावर. "मेलंय, काय उपयोग?" महाराष्ट्राच्या शहरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली तोडायला परवानगी लागते खरी, पण झाड मेलेलं असणं हे तिथे परवानगी देण्याचंच कारण आहे. घरावर किंवा रस्त्यावर पडेल असं झाड तोडावंच लागतं, त्याबद्दल वाद नाही. पण प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात उभं असलेलं? निदान फांद्या छाटून उभं खोड ठेवा, आणि ढोली असेल तर आधी आठवडाभर बघा कोण ये-जा करतंय. मालकाशी बोलायला गेलात तर "पर्यावरण" वगैरे शब्दांनी सुरुवात करू नका. सरळ ढोली दाखवा, ते जास्त चालतं. माझ्यासमोर एका काकांनी पिंगळ्याचं डोकं बाहेर आलेलं बघून कामगारांना दुसरीकडे पाठवलं होतं.

अजून एक, खास मोबाइलवाल्यांसाठी. फोनवर सुताराचा आवाज लावून त्याला जवळ बोलावू नका, विशेषतः फेब्रुवारी ते जुलै. त्याला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला धावतो. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पांगारा किंवा काटेसावर गाठा. सोनपाठी त्या फुलांतला मध प्यायला स्वतःच येतो.

फोटो काढलात तर पाठवा. चेहऱ्याचा नसला तरी चालेल, मागून मान दिसेल असा हवा. आणि गाव लिहायला विसरू नका!