जांभूळ, पपई आणि प्लेटलेट

पावसाळा लागला की बंगळुरूत डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि आम्हां कीटकशास्त्रज्ञांना डासांऐवजी प्लेटलेटविषयीच अधिक विचारणा होते. ‘जांभळाचा रस द्यावा की पपईच्या पानांचा?’ या प्रश्नात दोन भिन्न बाबींची गल्लत होते: प्लेटलेटची, म्हणजेच रक्तबिंबिकांची, संख्या आणि त्यांची परस्परांना चिकटण्याची क्रिया.

निरोगी माणसाच्या दर मायक्रोलिटर रक्तात सुमारे दीड ते साडेचार लाख बिंबिका असतात. डेंग्यूत ही संख्या घटते. मलेशियातील 228 रुग्णांवरील, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पपईच्या पानांच्या रसाने ती वाढल्याचे आढळले. मात्र तेवढ्याने रक्तस्राव टळतो, असे सिद्ध होत नाही.

जांभूळ व करवंद या देशी फळांना गडद रंग देणारी अँथोसायनिन वर्गातील द्रव्ये प्रयोगशाळेत बिंबिकांचे चिकटणे मंदावतात. हृदयविकाराच्या दृष्टीने हा गुण आशादायक असला, तरी डेंग्यूच्या रुग्णासाठी तो औषध ठरत नाही. ॲस्पिरिनही बिंबिकांचे चिकटणे रोखते, म्हणूनच ते डेंग्यूत टाळतात. मूठभर जांभळे खाणे निराळे आणि घट्ट अर्क घेणे निराळे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी अर्कापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एडिस डासाची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या व बागेतील जुने टायर आठवड्यातून एकदा कोरडे करावेत. बिंबिकांचे रक्षण तेथूनच सुरू होते.