विटांच्या छताखालचं वाचन

नाशिक सोडल्यावर गोदावरी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याशी थबकते आणि पुढे कोपरगावला पोचते. तिथल्या शारदा शाळेच्या आवारात 2018 साली माया सोमय्या ग्रंथालय उभं राहिलं. मुंबईचे वास्तुरचनाकार समीप पडोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रचलं. त्याचं विटांचं छत जमिनीपासूनच उचललं जातं, बाक घेत वर चढतं आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकतं. मुलं त्यावरून चालत पलीकडे उतरू शकतात आणि त्याच वेळी खाली दुसरी मुलं वाचत बसू शकतात.

हे शाळेचं ग्रंथालय आहे, गावाचं सार्वजनिक वाचनालय नाही. तरीही पुढे जे कोणी वाचनालय बांधतील त्यांनी आधी कोपरगावला जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे सगळा विचार वाचकापासून सुरू झाला आहे.

जागेचंच पाहा. शाळेच्या जुन्या इमारती आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी होती, तीच निवडली गेली. येताजाता, खेळताना मुलांना ग्रंथालय आपोआप भेटावं, पुस्तकाचा विचारही डोक्यात नसताना त्यांनी आत शिरावं, हा त्यामागचा हेतू. एरवी ग्रंथालयाला मिळते ती दुसऱ्या मजल्यावरची, जिन्याच्या टोकाची, इतर कुणालाच नको असलेली खोली. ज्याला मुळातच वाचायचं आहे तो तिथवर चढून जातोही, बाकीच्यांचं काय?

आता छत. विटेवर भरपूर दाब द्या, ती सोसते. ताणली की मात्र तडकते. म्हणून विटांचं छत असा आकार शोधतं, ज्यात सगळा भार दाबानेच खाली उतरेल. दोन टोकांना धरलेली साखळी लोंबते तेव्हा ती फक्त ताणाखाली असते. तोच आकार उलटा केला की त्यात फक्त दाब उरतो. स्पेनमधले वास्तुकार गौदी अशाच लोंबत्या साखळ्यांचे नमुने करून कमानी ठरवत. कोपरगावात साखळीची जागा संगणकाने घेतली. झुरिकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेल्या प्रणालीवर छताचा आकार काढला गेला. बांधणीची पद्धत मात्र शतकांपूर्वीची, कॅटलोनियातली. विटेच्या पातळ फरशा आडव्या लावत जायच्या, थरावर थर चढवायचा आणि खालच्या थराचे सांधे वरच्या थराने झाकायचे. पहिला थर लवकर आवळणाऱ्या गिलाव्यात बसवतात, त्यामुळे खालून भरभक्कम सेंटरिंग लागत नाही. हीच विद्या ग्वास्ताविनो नावाच्या स्पॅनिश बांधकामतज्ज्ञाने अमेरिकेत नेली आणि 1895 साली खुल्या झालेल्या बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिच्या कमानी आल्या. शंभरावर वर्षांनी ती गोदाकाठी पोचली, तीही ग्रंथालयाच्याच निमित्ताने, याचा मला फार आनंद आहे.

छत असं जमिनीवर टेकलं की मधे खांब लागत नाहीत आणि आतली जागा मोकळी राहते. मधोमध टेबलखुर्च्या आहेत. कडेला, जिथे छत खाली येतं, तिथे फोमची मऊ बैठी आसनं. नदीतल्या गोट्यांच्या आकाराची. मुलं ती ओढून हवी तशी मांडतात. उंची कमी होते तिथे मोठ्यांना वाकावं लागतं, मुलांना लागत नाही. ती जागा त्यांचीच होऊन जाते. खिडक्यांलगत पाणी साठवलं आहे, वारा त्यावरून थंड होऊन आत येतो.

आता नाशिककडे वळतो. आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सगळ्यांचं ‘सावाना’, 1840 पासूनचं. त्याच्याच आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. नाटकाला आलेला माणूस पुस्तकांच्या दारावरून जातो, म्हणजे कोपरगावात जागेने जे साधलं ते इथे रंगभूमीने कधीचं साधलं आहे.

अडतं ते आत गेल्यावर. आपल्या बहुतेक गावांतली वाचनालयं देवघेवीच्या काउंटरभोवती रचलेली असतात. अलीकडे वाचक, पलीकडे कपाटं, मधे चिठ्ठी आणि कर्मचारी. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि ते ठरताना ग्रंथसंख्या, सभासद, कर्मचारी यांना मोठं वजन असतं. चांगल्या उजेडात दोन तास स्वस्थ बसता येईल अशा किती जागा आहेत, हा प्रश्न मागेच राहतो. म्हणून खरेदीची पुस्तकं वाढत जातात आणि त्यांच्या कपाटांसाठी वाचनकक्ष आक्रसतो.

त्यातच गेल्या काही वर्षांत अभ्यासिका आल्या. स्पर्धापरीक्षेची मुलं सकाळी येतात ती रात्रीच उठतात. त्यांना प्लायवूडचे खण, वर एक ट्यूबलाइट आणि भिंतीकडे तोंड मिळतं. हीच मुलं आज वाचनालयात सगळ्यात जास्त वेळ बसतात, मग सगळ्यात वाईट जागा त्यांच्याच वाट्याला का? टेबलावर स्वतंत्र दिवा, उत्तरेचा स्थिर उजेड, पाठीला आधार देणारी खुर्ची, डबा खायला वेगळी जागा, मुलींसाठी स्वच्छ आणि जवळचं स्वच्छतागृह: यातलं काहीही चैनीचं नाही.

काही गोष्टी मात्र पाया खणण्याआधीच ठरवाव्या लागतात. भारतीय मानकांनुसार घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार धरून बांधतात. पुस्तकांच्या कपाटांसाठी तोच हिशेब किमान 600 किलोंचा. जुन्या सभागृहात रॅक लावून त्याला ग्रंथालय म्हणता येत नाही, ते याचमुळे. शिवाय नाशिकचा आषाढ-श्रावण. ओल आली की बुरशी, लाकूड असलं की वाळवी. कपाटं भिंतीपासून हातभर सोडून ठेवावीत, मागून वारा खेळता राहावा, आणि पश्चिमेच्या उन्हाची भिंत पुस्तकांच्या वाट्याला कधीच येऊ नये. नदीकाठच्या जुन्या नाशकात बांधायचं असेल तर पुराचा विचार करून दुर्मीळ ग्रंथ तळमजल्यावर नकोतच. तिथे मुलांचा विभाग असू द्या, अगदी रस्त्याला लागून, दार उघडं ठेवून.