हौदाच्या काँक्रीटला तडे जाऊ नयेत म्हणून कृत्रिम तंतूंचा उपयोग

मुंबईत माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर एकोणिसाव्या शतकात बांधलेला पाण्याचा जलाशय आहे. त्याच्या माथ्यावर बाग असल्यामुळे ऊन-वारा आतील बांधकामाला थेट लागत नाही. शेतकऱ्याचा हौद मात्र उघड्या रानात, भर उन्हात बांधला जातो. काम पुरे होऊन एक दिवसही उलटत नाही, तोच तळावर केसासारखे बारीक तडे दिसू लागतात. पुढे त्यांतूनच कष्टाने उपसलेले पाणी झिरपून वाया जाते.

या तड्यांचे कारण असे की, ओल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावरील पाणी उन्हाने व वाऱ्याने झपाट्याने उडून जाते. वरचा थर आकसतो, खालचा आकसत नाही. पहिल्या काही तासांत काँक्रीटला ताण सोसण्याची शक्ती नसल्यामुळे वरचा थर फाटतो.

मातीच्या गिलाव्यात भुसा किंवा काड मिसळण्याची रीत खेड्यांत जुनी आहे. काडीने माती धरून ठेवली जाते व भेगा कमी पडतात. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू काँक्रीटमध्ये हेच कार्य करतात. सिमेंटमधील क्षारांमुळे हे तंतू कुजत नाहीत.

काँक्रीटसाठी साधारणतः १२ मिलिमीटर व गिलाव्यासाठी ६ मिलिमीटर लांबीचे तंतू वापरतात. एक घनमीटर काँक्रीटला सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे १:२:४ प्रमाणाच्या मिश्रणात ५० किलोच्या एका पोत्यामागे सुमारे १४० ग्रॅम तंतू पुरतात. ते एकदम न टाकता थोडेथोडे विस्कटून मिसळावेत. अन्यथा त्यांचे गोळे होतात. तंतूंमुळे मिश्रण किंचित घट्ट वाटते, परंतु म्हणून जादा पाणी ओतू नये. जादा पाण्याने आकसणे वाढते व तंतूंवरील खर्च व्यर्थ जातो.

तंतू हे लोखंडी गजांची जागा घेऊ शकत नाहीत. पाण्याचा दाब गजांनीच पेलावयाचा असतो. तसेच तंतू घातले म्हणून पाणी मारण्यात हयगय करू नये. काम शक्यतो सायंकाळी उरकावे, पृष्ठभाग ओल्या गोणपाटांनी झाकावा व निदान दहा दिवस तो सतत ओला ठेवावा. इतकी दक्षता घेतल्यास हौदात साठविलेले पाणी पिकापर्यंत पोहोचेल.